कादंबरीच्या आशयसूत्रावर शोधनिबंध कसा लिहावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी घेऊन एम.ए. करणारे विद्यार्थी पहिल्या शोधनिबंधाला ‘कादंबरीतील ग्रामीण जीवन’ असे शीर्षक देतात आणि तिथेच अडतात, कारण ग्रामीण जीवन हा नुसता विषय झाला. कादंबरी त्या विषयाबद्दल काय म्हणते, ते आशयसूत्र.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. पहिले वाचन सलग करा. दुसऱ्या वाचनाला एकच प्रश्न हाती ठेवा: परका मास्तर या धनगरवाडीचा कसा होतो? पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर अवतरण जसेच्या तसे उतरवा, कोपऱ्यात पृष्ठक्रमांक टाका आणि स्वतःचे मत खाली वेगळ्या शाईने लिहा. महिन्याभराने लेखकाचे वाक्य कोणते आणि आपले कोणते, हे आठवत नाही. नकळत होणारी वाङ्मयचोरी बहुधा इथूनच सुरू होते. आवृत्तीचे वर्षही नोंदवा, कारण आवृत्ती बदलली की पाने बदलतात.

वीस-पंचवीस कार्डे जमली की ती टेबलावर मांडून एका वाक्यात विधान लिहा. उदाहरणार्थ, ‘मास्तर वाडीचा होतो, पण दुष्काळाने वाडीच उठून जाते, म्हणून हे आपलेपण त्याच्या हाती उरत नाही.’ ज्याच्याशी कोणी वाद घालू शकेल, तेच विधान शोधनिबंध पेलते. विरोधी पुरावाही शोधा: गैरसमज होताच वाडीचा प्रमुख, कारभारी, मास्तरांशी फटकून वागू लागतो, म्हणजे ते आपलेपण मुळातच अटींवर होते, असे कोणी म्हणेल. त्या आक्षेपाला एक पूर्ण परिच्छेद द्या, माझ्या मते निबंधाचा कस तिथेच लागतो.

खानापूरच्या जंगलपट्टीत परगावाहून आलेला मास्तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. तो अनुभव प्रश्न सुचवतो, पण पुरावा कादंबरीच्या पानावरूनच द्यावा लागतो.

समीक्षा त्यानंतर वाचा, आधी वाचली तर दुसऱ्याचेच मत आपले वाटू लागते. १८४८ पासूनचे बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आणि विद्यापीठाचे ग्रंथालय, दोन्हीकडे जुनी नियतकालिके मागून पाहा. कन्नड वाचता येत असेल तर ग्रामीण कादंबरीवरची कन्नड समीक्षाही वापरा. उतारा मराठीत देताना तळटीपेत ‘भाषांतर माझे’ असे नोंदवा. कन्नड वाचता येण्याची ही सोय पुण्या-मुंबईच्या फार थोड्या अभ्यासकांना आहे.

प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहा. मसुदा चार दिवस बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचा आणि ज्या परिच्छेदाचा विधानाशी संबंध सांगता येत नाही, तो कितीही आवडता असला तरी काढून टाका.