पुण्यातली शून्य सावली मुलांना नीट कशी दाखवावी

भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो असे आपण मुलांना सहज सांगून टाकतो, परंतु पुण्यात तो वर्षातून दोनदाच खरोखर डोक्यावर येतो: 13 मेच्या सुमारास आणि जुलैच्या शेवटी. त्या मध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तीच शून्य सावली. जुलैतल्या दिवशी आकाश बहुधा ढगांनी भरलेले असते, म्हणून त्यावर विसंबू नये. जे करायचे ते मे महिन्यातच करावे. दिल्लीत तर हे कधीच घडत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. आपल्या राज्यात हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो आणि कोल्हापूरला 6 मेच्या, तर नागपूरला 26 मेच्या आसपास येतो. त्यामुळे मामाच्या गावची तारीख आपल्या गावाला लावू नये.

साहित्य घरचेच आहे: एक पाट, एक मीटर लांबीची सरळ काठी किंवा विजेच्या तारांसाठी वापरतात तो पातळ पाइप, मोजपट्टी आणि पेन्सिल. पाटाच्या मध्यभागी भोक पाडून काठी त्यात उभी बसवावी आणि पाटाच्या पृष्ठभागापासून तिची उंची बरोबर 100 सेंटिमीटर ठेवावी. याखेरीज हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याचा ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) आणि पाणसळ (समपातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी) आणावी. या दोन वस्तूंना पर्याय शोधू नये.

वेळेबद्दल सर्वांत जास्त चुकीचे सल्ले मिळतात. ‘बारा वाजता गच्चीवर जा’ असे कोणी सांगितले तर ऐकू नये. आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर, लावलेले आहे. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडे अधिक आहे आणि दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपली मध्यान्ह सुमारे 35 मिनिटे उशिरा होते. मेच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या जवळजवळ चार मिनिटे पुढे असतो, ती वजा केली की 12 वाजून 31 मिनिटे ही वेळ मिळते. मुलाला हे गणित स्वतः करू द्यावे. आपले घड्याळ आणि आपला सूर्य यांत अर्ध्या तासाचे अंतर आहे हे कळल्यावर ते जितके चकित होते, तितके सावली नाहीशी होण्यानेही होत नाही.

आता खरी अडचण. काठी उभी करणे हा पोरखेळ आहे असे वाटते, पण मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथेच. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला मुद्दाम उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण एका अंशाच्या आसपास सहज असू शकतो. मेच्या मध्यावर सूर्य दिवसाला सुमारे पाव अंशच उत्तरेकडे सरकतो. याचा अर्थ असा, की काठी एका अंशाने कलली तर चार दिवसांची चूक झाली आणि तुमची शून्य सावली दुसऱ्याच तारखेला दिसेल. म्हणून गच्चीवर नुसती बाटली ठेवून फोटो काढण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो, तो मला मुळीच मान्य नाही. माणसाला उभे करून त्याची सावली पाहणे तर त्याहून निरुपयोगी, कारण खांद्यांची आणि पोटाची सावली पायाभोवती राहतेच.

आधी पाट समपातळीत आणावा. पाणसळ पूर्व-पश्चिम ठेवून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पाटाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारत जाव्यात, मग ती उत्तर-दक्षिण फिरवून तेच करावे, आणि पुन्हा पहिली दिशा तपासावी, कारण एक बाजू उचलली की दुसरी हमखास बिघडते. त्यानंतर ओळंबा काठीशेजारी धरावा. दोरी आणि काठीची कड समांतर दिसली की समाधान मानू नये. काटकोनात सरकून दुसऱ्या बाजूनेही पाहावे, कारण एका बाजूने सरळ दिसणारी काठी दुसऱ्या बाजूने खुशाल वाकलेली असते. भोकात पाचर मारून काठी सरळ करावी. गच्चीवरच्या वाऱ्याने ओळंबा झुलत राहतो, तेव्हा त्याचे वजन पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडते ठेवावे; दोरी लगेच स्थिरावते. हे सारे सकाळी उन्हे चढण्यापूर्वी उरकावे आणि नंतर पाटाला कोणालाही हात लावू देऊ नये.

सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करावी. टोक धूसर दिसते, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. धूसर पट्ट्याच्या मधोमध खूण करावी. पायांत चपला, डोक्यावर टोपी, आणि सूर्याकडे मान वर करून कोणीही पाहायचे नाही. पाट तसाच राहू दिला, तर 20 मे रोजी त्याच वेळी सावली सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि दक्षिणेकडे पडलेली दिसेल. पुण्यात संपूर्ण जून महिना मध्यान्हीची सावली दक्षिणेलाच पडते.

बेंगळुरूला काका किंवा मावशी असेल, तर पुण्यातल्या शून्य सावलीच्या दिवशीच पृथ्वीही मोजून घ्यावी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने याच रीतीने ती मोजली होती. बेंगळुरूकरांनी 12 वाजून 16 मिनिटांनी, अशाच ओळंब्याने तपासलेल्या एक मीटरच्या काठीची सावली मोजावी. ती जवळपास 9.7 सेंटिमीटर भरायला हवी. काठी ही त्रिज्या मानली तर पूर्ण वर्तुळ 628 सेंटिमीटरचे होते, आणि त्यात 9.7 सुमारे 65 वेळा मावतात. पुणे-बेंगळुरू हे सरळ उत्तर-दक्षिण अंतर साधारण 616 किलोमीटर आहे. त्याला 65 ने गुणले की 40,000 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचा परीघ, हाती येतो. इथे रस्त्याचे आठशेहून अधिक किलोमीटर घेऊ नयेत. छापील नकाशावर बेंगळुरूतून पूर्व-पश्चिम रेषा आखून पुण्यापासून तिच्यापर्यंतचे लंब अंतर मुलाने पट्टीने मोजावे. ‘एक अंश म्हणजे 111 किलोमीटर’ हे सूत्रही वापरू नये, कारण तो आकडा पृथ्वी मोजूनच मिळालेला आहे. उत्तर 34,000 किंवा 48,000 आले, तर गुणाकार पुन्हा करत बसण्याआधी बेंगळुरूला फोन करून काठीला ओळंबा दोन्ही बाजूंनी लावला होता का, हे विचारावे. एका अंशाच्या कलाने नेमका एवढाच फरक पडतो.