फळांची जिंजर बीअर घरी: खरं काम बूच लावल्यानंतर सुरू होतं

घरच्या जिंजर बीअरच्या बहुतेक कृती आलं कसं किसायचं यावर पानभर लिहितात आणि शेवटी ‘बाटलीत भरून तीन दिवस बाहेर ठेवा’ एवढं सांगून मोकळ्या होतात. हे तीन दिवस कोणत्या गावातले, कोणत्या महिन्यातले, याचा पत्ता नसतो. इंदूरमध्ये मेच्या दुपारी ओट्यावर ठेवलेली बाटली बारा ते अठरा तासांत तयार होते. तीन दिवस ठेवली तर छत पुसावं लागेल, आणि बाटली काचेची असेल तर त्याहून वाईट.

आधी एक गोष्ट स्पष्ट. गहू किंवा जव मोडवून, त्याचा माल्ट करून, यीस्ट घालून खरी बीअर घरी गाळणं मध्य प्रदेशात परवान्याशिवाय चालत नाही; १९१५ चा आबकारी कायदा त्यासाठीच आहे. इथे सांगतो ते पेय आल्याच्या विरजणावर दोन-तीन दिवसांत फसफसतं आणि आठवड्यात संपवायचं असतं. तरी साखर आंबली की थोडा अल्कोहोल होतोच. लिटरमागे १० ग्रॅम साखर आंबली तर साधारण अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बाईला हे देऊ नये. मुलांना किसायला, मोजायला, गाळायला बसवा आणि त्यांच्या पेल्यात तोच आल्याचा पाक, तोच फळांचा रस आणि साधा सोडा घाला. चवीत फार फरक नसतो. बाटली महिनाभर ठेवून ‘कडक’ करायचा उद्योग मात्र करू नका. तो वर सांगितलेल्या कायद्यातच येतो. वडोदऱ्याच्या पाहुण्यांना भेट म्हणून बाटली न्यायचा विचार तर सोडूनच द्या, तिकडे दारूबंदी आहे.

विरजण

बरणीत अर्धा लिटर पाणी, सालासकट किसलेलं २० ग्रॅम आलं, २० ग्रॅम साखर. वर मलमलचं फडकं. रोज त्यात एकेक मोठा चमचा आलं आणि साखर घालून ढवळायचं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत आठवड्याने वर फेस धरतं आणि ढवळल्यावर सोड्यासारखा चर्र आवाज येतो. आवाज येईपर्यंत पुढे जाऊ नका.

दोन सूचना. साल काढू नका, कारण यीस्ट आणि दह्याच्या जातीचे जिवाणू सालीवरच असतात. म्हणून मंडईत घासून चकचकीत केलेलं आलं न घेता माती लागलेलं घ्या आणि घरी फक्त पाण्याने धुवा. दुसरी, नळाचं नर्मदेचं पाणी थेट घालू नका. त्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं. उकळून गार करा किंवा रुंद पातेल्यात रात्रभर उघडं ठेवा.

वर पातळ, सपाट पांढरी साय आली तर काढून टाका, चालतं. केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेकायची. ‘वरचं काढलं की खालचं चांगलं’ हा सल्ला इथे लागू नाही.

पाक आणि फळ

दोन लिटरचा हिशेब: दीड लिटर पाण्यात ६० ग्रॅम ठेचलेलं आलं दहा मिनिटं उकळा, १२० ग्रॅम साखर विरघळवा, गाळा, पूर्ण गार करा. मग चार मोठे चमचे लिंबाचा रस, ३०० मिली फळांचा रस आणि २०० मिली गाळलेलं विरजण. विरजणातून काढलं तेवढं पाणी आणि चमचाभर साखर विरजणाच्या बरणीत परत घाला. लिंबू फक्त चवीसाठी नाही. पेय सुरुवातीपासून आंबट असलं की नको ते जंतू माजत नाहीत. पीएचची पट्टी असेल तर ४ च्या खाली हवा. पाक गरम असताना विरजण घातलं तर काही बिघडत नाही, हा गैरसमज आहे. हाताला ऊन लागतंय तोवर थांबा.

फळात मतं पक्की आहेत. फालसे सगळ्यात उत्तम: आंबट, गडद रंगाचे, गर कमी. मेमध्ये हातगाडीवर दिसले की घेऊन टाका, हंगाम फार छोटा असतो. जूनच्या शेवटी जांभूळ. त्याचा तुरटपणा आल्याशी छान जुळतो, फक्त बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. संत्र्याचा रस कधीही तापवू नका, शिजल्याची चव येते. सालीची पांढरी बाजूही नको, कडवट होते. डाळिंब चालतं. आंब्यापासून मात्र नवख्याने लांब राहावं, कारण पुढे येतं. बाटलीबंद स्क्वॅश तर मुळीच नको. त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किंवा सोडियम बेंझोएट असतं आणि ते आंबणं थांबवण्यासाठीच घालतात. मग ‘फेसच आला नाही’ म्हणून विरजणाला दोष द्यायचा.

सगळं एकत्र करून पातेलं फडक्याखाली ठेवा. उन्हाळ्यात बारा तास, थंडीत दीड दिवस. कडेला बारीक बुडबुड्यांची माळ दिसली की मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा आणि बाटलीत भरा.

बाटली

आता अवघड भाग. आधी आकडा समजून घ्या. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की पेयाच्या घनफळाएवढा वायू तयार होतो. बाजारच्या सोड्यात असा साधारण चारपट वायू असतो, म्हणजे त्यासाठी १६ ग्रॅम साखर पुरते. आपल्या पेयात पाकाची आणि फळाची मिळून लिटरमागे ७५ ते ८० ग्रॅम असते. ती सगळी आंबली तर सोड्याच्या जवळजवळ पाचपट वायू तयार होईल. बंद बाटलीत तो कुठेच जाऊ शकत नाही. गोड पेय बाटलीत भरताना आपण यीस्टला खाऊ देऊन कोंडतो आणि योग्य वेळी फ्रिजमध्ये घालून त्याला गुंगी आणतो, एवढंच सगळं तंत्र आहे. वेळ चुकली तर बाटली फुटते.

म्हणून बाटली प्लास्टिकची आणि सोड्याचीच हवी. सोडा किंवा कोला आलेली जाड पेट प्लास्टिकची बाटली दाब सहन करण्यासाठीच बनवलेली असते. पाण्याची बाटली पातळ असते, ती फुगून तळातून उलटते. तारेच्या खटक्याच्या बुचाच्या देखण्या काचेच्या बाटल्या फोटोत छान दिसतात, पण भेटवस्तूंच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा शोभेच्या असतात, त्यांची काच दाबासाठी नसते. दारूच्या रिकाम्या बाटल्यांचंही तेच. जुन्या गोटी सोड्याची बाटली भक्कम खरी, पण ती उलटी धरून भरायला यंत्र लागतं. काचेचा आग्रह नवख्याने धरूच नये. फुटलेल्या काचेचा तुकडा खोली ओलांडून जातो.

पेटचा दुसरा फायदा मोठा: ती बोलते. भरल्यावर बोटांनी दाबा, खोलगट होते. चार-चार तासांनी दाबत राहा. दुकानातल्या न उघडलेल्या कोल्याच्या बाटलीइतकी टणक झाली, बोट आत जाईना, की लगेच फ्रिजमध्ये. एक न उघडलेली कोल्याची बाटली शेजारी तुलनेला ठेवा. अंदाजाने ‘बरीच कडक वाटते’ म्हणू नका. वरून तीन बोटं जागा रिकामी सोडा.

किती तास लागतील? इंदूरच्या घरात मेमध्ये बारा ते अठरा, पावसाळ्यात एक ते दीड दिवस, जानेवारीत तीन-चार दिवस. हे आकडे फक्त कधीपासून दाबायला लागायचं हे ठरवण्यासाठी. विरजण जोमात असेल तर अर्ध्या वेळात होतं. मेमध्ये रात्री भरून झोपू नका. सकाळी भरा, म्हणजे कडक होण्याची वेळ जागेपणी येईल.

‘रोज बूच सैल करून वायू सोडा, मग काही होत नाही’ हा सल्ला सगळीकडे दिसतो आणि तो अर्धवट आहे. वायू सोडला तरी साखर तिथेच असते. पुढच्या काही तासांत दाब पुन्हा तेवढाच, आणि आपल्याला उगाच वाटतं की धोका टळला. शिवाय पेय दिवसेंदिवस कमी गोड आणि जास्त अल्कोहोलचं होत जातं. टणक झालेली बाटली फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून बाहेर ठेवायची असेल, तरच बूच सोडा, आणि मग ती त्याच दिवशी प्या.

आता आंब्याचं. वायू पेयात विरघळलेला असतो आणि बाहेर पडायला त्याला कुठला तरी कण लागतो. गराचा प्रत्येक तंतू असा कण असतो. आमरस घातलेली बाटली उघडली की सगळा वायू एकदम सुटतो आणि अर्धं पेय बरोबर घेऊन जातो. ही बाटली कमी आंबवली तरी उसळते, म्हणजे दाब बरोबर असूनही फजिती. आंबा घालायचाच असेल तर रस दोनदा मलमलमधून गाळा, तासभर फ्रिजमध्ये स्थिर ठेवून वरचा पातळ भागच घ्या, आणि ३०० ऐवजी १५० मिली. आंब्याच्या रसात १०० ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम साखर असते, तेव्हा पाकातली साखरही थोडी कमी करा.

फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, मंदावतं. आठवड्याभरात संपवा, दोन दिवसांनी एकदा बाटल्या दाबून बघा. वीज बराच वेळ गेली तर बाटल्या सिंकमध्ये आणून बुचं सैल करा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत टाकून बाटली नेऊ नका. न्यायचीच तर बर्फाच्या डब्यात.

उन्हाळ्याचा उपाय

३५ अंशांच्या वर यीस्ट घाई करतं आणि नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो. पातेलं परातीत पाणी घालून ठेवा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, त्याचं टोक पाण्यात बुडलेलं. माळव्याचा उन्हाळा कोरडा असल्याने हे छान चालतं, दोन-चार अंश सहज उतरतात. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा याचा उपयोग नाही. पण तेव्हा गरजही नसते.

उघडणं

किमान बारा तास फ्रिजमध्ये उभी ठेवल्याशिवाय उघडू नका. ५ अंशांवर पेयात ३५ अंशांपेक्षा जवळजवळ अडीचपट वायू मुरतो. गरम बाटलीत तोच वायू बुचाखाली दाबून बसलेला असतो. सिंकमध्ये धरा, बूच पाव फेरा फिरवा, फेस चढला की परत बंद करा, पुन्हा पाव फेरा. पाच-सहा वेळा. तळाचा साका पेल्यात येऊ देऊ नका, शेवटची दोन बोटं पेय बाटलीतच राहू दे.

जिरावन (इंदुरी पोह्यांवर घालतात तो मसाला) हवं असेल तर पेल्याच्या कडेला लावा. मसाला पेयात टाकला की प्रत्येक कणाभोवती वायू सुटून पेय मिनिटात निपचित पडतं. बाटलीत तर कधीच नाही.

बिघडलं तर

फेस नाही: विरजण थंड पडलेलं, पाक गरम असताना घातलेलं, किंवा साखरेऐवजी स्टीव्हिया वापरलेलं. स्टीव्हिया यीस्ट खात नाही. कुजक्या अंड्यासारखा हलका वास यीस्टच्या उपासमारीचा असतो, दिवसभरात बहुधा जातो. व्हिनेगरचा वास म्हणजे पातेलं जास्त वेळ उघडं राहिलं. पिऊ नका, कोशिंबिरीला वापरा. पेय ओतताना तार धरत असेल, चिकट असेल, तर फेका आणि पातेलं, फडकी, बुचं उकळत्या पाण्याने धुवा. पेटच्या बाटल्या उकळू नका, आकसतात. त्या नव्या घ्या.

विरजण रोज सांभाळायचं नसेल तर बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा चमचाभर आलं-साखर घाला. बरणीला घट्ट झाकण लावू नका. पंधरा दिवस पुण्याला जायचं असेल तर जाण्याआधी दोन चमचे जास्त साखर घालून ठेवा. परत आल्यावर तळातलं जुनं आलं निम्मं काढून टाका, नवं घाला आणि दोन दिवस बाहेर ठेवा. पुन्हा चर्र आवाज आला की पुढचा पाक उकळायला हरकत नाही.