कंपनीसाठी लांब डिकीची गाडी घेताय? आधी डिकीचं तोंड मोजा

दोन वर्षांपूर्वी आमच्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीसाठी गाडी घेतली आणि निवड चुकली. आता दुसरी घ्यायची वेळ आलीय, त्यामुळं तयारी म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय, कुणा दुसऱ्याच्या उपयोगी पडलं तर बरंच. आमचं काम कंट्रोल पॅनलचं, म्हणजे मशिनरी चालू-बंद करणाऱ्या विजेच्या पेट्यांचं. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजना पॅनल बनवून द्यायचं, बसवायचं, बंद पडलं की धावायचं. म्हणजे गाडीत चार माणसंही पाहिजेत आणि मागं मालही, पिकअप घेतला तर माणसं कुठं बसवू, सेडान घेतली तर पॅनल कुठं ठेवू. परदेशात अशा कामाला सरळ इस्टेट घेतात, सेडानचंच मागचं छत लांबवून केलेली, खाली बसकी आणि मागनं पूर्ण उघडणारी. आपल्याकडंही होत्या की, १९९२ ची टाटा इस्टेट, मग २००४ ला इंडिगो मरीना, मारुतीची बलेनो अल्टुरा, पण लोकांनी घेतल्या नाहीत. आता आपल्या बजेटात इस्टेट मिळत नाही, म्हणून सहा-सात सीटर घ्यायची आणि मागची ओळ पाडून तिचीच इस्टेट करायची, हाच रस्ता उरतो. मी जे लिहितोय ते अशा गाडीबद्दल.

तर सगळ्यात पहिलं. टेप घ्या आणि डिकीचं तोंड मोजा. डिकी नाही, डिकीचं तोंड. दरवाजा वर केल्यावर जी चौकट दिसते ती. मी डिकीची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, आतली उंची फरशीपासून छतापर्यंत ३३ इंच भरली होती, आणि आमचं लाकडी खोकं पॅकिंगसकट ३१ इंच उंच, म्हणजे दोन इंच शिल्लक, मी खूश. ब्रोशरमधल्या लिटरचाही हिशोब केला होता. खोकं ३२ रुंद, २४ खोल, ३१ उंच, म्हणजे साधारण ३९० लिटरचं, आणि गाडीची डिकी त्याच्या कितीतरी वर. मार्च महिना होता, बेदाण्याचा सीझन, तासगाव रोडच्या एका स्टोरेजचा कॉम्प्रेसर बंद आणि आत शेतकऱ्यांचा माल. तिघांनी खोकं उचललं, मागची बाजू आत गेली, आणि वरची कड दरवाजाच्या चौकटीला जाऊन थडकली. टेप लावला तर तोंड २९ इंच. आत ३३ आणि तोंडाला २९, कारण मागं छत उतरतं, त्यात बिजागरीचं प्लॅस्टिक खाली येतं. दोन इंचांसाठी ८५ किलोचं खोकं परत खाली, कडेला ओरखडा, पोरांचे हात दुखलेले. आडवं टाकायचं म्हटलं तर आतल्या ड्राइव्हचं (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) सगळं वजन माउंटिंगच्या स्क्रूंवर येतं, आडवं नेऊन एकदा ब्रॅकेट वाकलेला मी बघितलाय, त्यामुळं तो विषयच नाही. शेवटी छोटा हत्ती टेम्पो बोलावला. तो यायला दीड तास गेला, आणि स्टोरेजवाले मालक फोनवर एवढंच म्हणत होते, "साहेब, निघाला का?" त्यानंतर दोन वर्षं महिन्याला सहा-सात वेळा छोट्या हत्तीचं भाडं भरतोय आणि आमची गाडी मागनं रिकामी पळतेय.

म्हणून तोंडाची मापं नीट लिहून घ्या. उंची मधोमध घ्या आणि दोन्ही कोपऱ्यांतही घ्या, कारण वरचे कोपरे गोल असतात आणि चौकोनी खोकं कोपऱ्यातच अडकतं. रुंदी तीन ठिकाणी घ्या, वर, मध्ये, खाली, आणि त्यातली सगळ्यात कमी असेल तीच खरी धरा. मग आत चाकांवरच्या फुगवट्यांच्या मधलं अंतर. मग जमिनीपासून डिकीच्या उंबऱ्यापर्यंतची उंची, आणि उंबरा ओलांडल्यावर आत खड्डा आहे का ते, कारण ८५ किलो वजन उंबऱ्यावरनं आत खाली सोडायचं आणि परत तसंच उचलून काढायचं म्हणजे कंबर जाते. मागची ओळ पाडल्यावर फरशी सपाट होते का पायरी राहते ते बघा. आणि लांबी मोजताना मधल्या ओळीत खरंच उंच माणूस बसवून, सीट त्याला पाहिजे तेवढी मागं सरकवून मोजा. शोरूमवाले सीट पुढं ढकलून दाखवतात.

लिटरवर जाऊ नका. एर्टिगाचं उदाहरण घ्या, तिन्ही ओळी उभ्या असताना २०९ लिटर, तिसरी पाडली की ५५०, दुसरीही पाडली की ८०३. आकडा कंपनी देते तो खराच असतो, पण लिटर म्हणजे आतली सगळी मोकळी जागा, कानाकोपरे धरून, आणि आपलं खोकं काय पाणी नाही कोपऱ्यात शिरायला. रेनॉ ट्रायबरची तिसरी ओळ तर काढूनच ठेवता येते, मग ६२५ लिटर होतात आणि गाडी ४ मीटरच्या आतली, कागदावर आमच्या कामाला झकास. पण तोंड? तोंड मोजा. तुमचं खोकं वेगळं, माझं वेगळं, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

खरं तर सगळ्यात चांगलं म्हणजे मापं घेऊनही थांबू नका, रिकामं खोकं घेऊन शोरूमला जा. सेल्सवाला म्हणेल बुकिंग करा मग बघू. नाही. आधी खोकं आत, मग बुकिंग. डिस्प्लेच्या गाडीला ओरखडा पडेल म्हणून नको म्हणाले तर चादर घेऊन जा, टेस्ट ड्राइव्हची गाडी मागा, त्या गाडीत नाही म्हणायचं कारण नसतं. सीएनजी घेणार असाल तर सीएनजीचीच गाडी बघा, पेट्रोलची बघून सीएनजी बुक करू नका, बऱ्याच गाड्यांत टाकी डिकीतच बसते आणि मग मोजलेलं सगळं वाया. आमच्याकडं रनिंग भरपूर आहे, सीएनजीचा मोह मलाही होतो, पण टाकीनं जागा खाल्ली की परत छोटा हत्ती आलाच.

आता वजन. याच्याकडं कुणी बघत नाही. चार माणसं ७० किलोनं धरली तर २८०, पॅनल ८५, टूलबॉक्स, केबल, ड्रिल धरून ६०, झाले ४२५ किलो. गाडीचं एकूण मान्य वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढंच तुम्हाला भरता येतं, आणि त्यात ड्रायव्हरही धरायचा. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला टायरच्या हवेचं स्टिकर असतं, त्यात भरलेल्या गाडीची हवा वेगळी दिलेली असते, ती ड्रायव्हरला दाखवून ठेवा. आणि टेस्ट ड्राइव्ह एकट्यानं विश्रामबागेत चक्कर मारून करू नका, चार माणसं घालून पेठ नाक्यापर्यंत जा, हायवेला ओव्हरटेक करून बघा, एसी चालू ठेवून. रिकाम्या गाडीत सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

वजनाच्याच पोटात दुसरी गोष्ट, माल बांधायचे हुक. इस्टेट काय किंवा ओळ पाडलेली सात सीटर काय, माल आणि माणसं एकाच खोलीत बसतात, मध्ये पत्रा नाही. ८० च्या स्पीडला करकचून ब्रेक मारला तर मागचा टूलबॉक्स थांबत नाही, तो पुढच्याच्या मानेवर येतो. फरशीत चार हुक आहेत का बघा, ते खरंच चेसिसला आहेत का नुसत्या प्लॅस्टिकला ते ओढून बघा, नसतील तर बसवून घ्या, रॅचेटचा पट्टा आणि जाळी घ्या. यात पैसे वाचवू नका, मधल्या ओळीत आपलीच पोरं बसतात.

आता गाडी कुणाच्या नावावर, हा मोठा विषय. आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि आपल्या महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर कार घेतली की वन टाइम टॅक्स (आरटीओला एकदाच भरायचा रोड टॅक्स) सरळ २० टक्के. तीच गाडी माणसाच्या नावावर असेल तर पेट्रोलला १० लाखांच्या आत ११, १० ते २० लाखांत १२, त्याच्यावर १३ टक्के, आणि डिझेलला १३, १४, १५. म्हणजे १२ लाखांच्या पेट्रोल गाडीवर एका बाजूला साधारण १ लाख ४४ हजार, दुसऱ्या बाजूला २ लाख ४० हजार, ९६ हजारांचा फरक. कोटेशन घेताना सेल्सवाला बऱ्याचदा माणसाच्या नावानं काढतो, तुम्ही तेच धरून बसता आणि शेवटी आकडा फुगतो, तेव्हा पहिल्या दिवशीच सांगा, कंपनीच्या नावानं काढा. उलट बाजूला कंपनीच्या नावावर असेल तर घसारा (गाडीची किंमत दरवर्षी घटते ती खर्चात धरणं) १५ टक्के मिळतो, कर्जाचं व्याज खर्चात जातं. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा निम्माच, म्हणजे फेब्रुवारी-मार्चला घाईनं घेऊन काही पूर्ण मिळत नाही. सीएंना आधी विचारा, नंतर नाही.

जीएसटीचं पण स्पष्ट लिहितो कारण खूप जण चुकतात. १३ सीटपर्यंतच्या माणसं वाहणाऱ्या गाडीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वळता करणं) आपल्यासारख्यांना मिळत नाही, कंपनीच्या नावावर बिल असलं तरी नाही, तुम्ही मागं पॅनल ठेवता म्हणून ती मालवाहू होत नाही. मालवाहू गाडीचं मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदललेत, ४ मीटरच्या आत आणि पेट्रोलला १२०० सीसीच्या, डिझेलला १५०० सीसीच्या आत असेल तर १८ टक्के, त्याच्यावर ४० टक्के. ट्रायबर १८ त बसते, एर्टिगा ४ मीटरपेक्षा लांब आणि १४६२ सीसी, ती ४० त. हा पैसा परत येणार नाही असं धरूनच बजेट करा. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विकणारा बिलातच घेतो तो आयकर) लागतो, तो मात्र रिटर्नमध्ये धरता येतो, अकाउंटंटला आठवण करा.

आणि हे सगळं करताना तोंड मोजायचं विसरू नका. टॅक्सच्या भानगडीत मी हेच विसरलो होतो, पंधरा दिवस सीएंकडं खेटे घातले, टक्क्यांचा हिशोब पाठ, आणि पाच मिनिटांचा टेप लावला नाही.

इन्शुरन्स. झिरो डेप घ्याच, म्हणजे क्लेममध्ये पार्टच्या जुनेपणाचे पैसे कापत नाहीत. सांगलीत असाल तर इंजिन प्रोटेक्ट घ्याच घ्या. आयर्विन पुलाला ४५ फूट धोक्याची पातळी आणि २०१९ ला कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, २०२१ ला परत पाणी आलं. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारला, इंजिनात पाणी शिरून रॉड वाकला, की साधी पॉलिसी इंजिनाचे पैसे देत नाही. ड्रायव्हरला लिहून द्या, पाण्यात बंद पडली तर परत चालू करायची नाही, टो करायची. दुसरं, मालक कंपनी असली की ओनर-ड्रायव्हरचा अपघात विमा लागू होत नाही, कारण कंपनी काय गाडी चालवत नाही, मग पगारी ड्रायव्हर आणि आत बसणारे कामगार यांचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. एजंट स्वतःहून सांगत नाही. पॉलिसीच्या कागदावर ते लिहून आलंय का वाचा.

पांढऱ्या पाटीवर दुसऱ्याचा माल किंवा माणसं भाड्यानं न्यायची नाहीत, ओळखीतलं असलं तरी. त्याला परमिट आणि पिवळी पाटी लागते.

कागद नेहमीचेच. बोर्ड रिझोल्यूशन (गाडी घ्यायचा संचालकांचा ठराव), सही करणाऱ्याचा पॅन-आधार, कंपनीचा पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, पत्त्याचा पुरावा. रिझोल्यूशनवर गाडीचं मॉडेल आणि सही करणाऱ्याचं नाव असू दे, नाहीतर बँक परत पाठवते. रंग पांढरा. म्युझिक सिस्टिम, सनरूफ वगैरे मला विचारू नका, पण सनरूफनं आतली उंची कमी होते हे बघा. सर्व्हिस सेंटर सांगली-मिरजेत पाहिजेच.

डिलिव्हरीला दिवसा जा. चेसिस नंबर जुळवा, टायरची तारीख बघा, स्टेपनी आणि जॅक आहे का बघा, आणि स्टेपनी मालाच्या खाली असेल तर पंक्चर झाल्यावर सगळं उतरवावं लागतं हेही आत्ताच बघा. फास्टॅग कंपनीच्या नावानं, लॉगबुक पहिल्या दिवसापासून. खोकं बरोबर न्या आणि सही करायच्या आधी परत एकदा आत घालून बघा, कारण बुक केलेल्या आणि आलेल्या व्हेरिएंटमध्ये मागचं ट्रिम वेगळं निघू शकतं. आमचं रिकामं खोकं टेम्पोत चढवून ठेवलंय, सोमवारी दहाला मिरज रोडच्या शोरूमला चाललोय, टेप आणि चादर पुढच्या सीटवर ठेवलीय.