घरच्या घरी रांगडा लाकडी बाक, नागपूरच्या हवेत टिकेल असा

पहिला बाक मी सप्टेंबरमध्ये बनवला होता, दोन फळ्या एकमेकीला फेविकॉलने चिकटवल्या, खालून आडव्या पट्ट्यांना आठ स्क्रू एकदम टाइट मारले, वरून वॉर्निशचे तीन हात दिले, दिसायला एक नंबर. पुढच्या मे महिन्यात रात्री कट्टकन आवाज झाला, लाइट लावून पाहिलं तं बैठकीला टोकापासून दीड फूट आत सरळ चीर गेलेली. लाकूड चांगलं होतं, चिकटवलंही नीट होतं, फक्त त्याला हलायला जागा ठेवली नव्हती. म्हणून आता जे सांगून राहिलो आहे त्यात डिझाइन कमी आणि हे जास्त आहे, कारण आपल्या नागपुरात फर्निचर तुटतं ते वजनाने नाही, हवेने.

लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. ऑगस्टमध्ये हवा ओली असते तेव्हा ते पाणी पिऊन फुगतं आणि मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, दुपारची हवा कोरडीठाक होते तेव्हा ते आकसतं. एक फूट रुंद सागवानी फळी या दोन टोकांच्या मध्ये साधारण एक सूत कमी-जास्त होते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिस्त्री लोक सगळं सुतात बोलतात, तुम्हीही बोला, दुकानात काम सोपं होतं). त्यात आपल्याकडे कूलर. मार्च संपला की खसच्या ताट्या लागतात आणि त्या खोलीतलं लाकूड भर उन्हाळ्यात पावसाळ्यासारखं ओलं होतं, आणि त्याच बाकाचं दुसरं टोक खिडकीच्या उन्हात असेल तर एकाच फळीला दोन ऋतू लागतात. त्यामुळे बाक कुठे ठेवणार हे आधी ठरवा आणि कूलरच्या सरळ झोतात ठेवू नका.

आता लाकूड. लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात गेलात तर सागवान, ऐन, बिजा, शिवण, बाभूळ, आंबा असं बरंच पाहायला मिळतं. सागवानाला व्यापारी अजूनही सीपी टीक म्हणतात, सीपी म्हणजे मध्य प्रांत, नागपूर त्याची राजधानी होतं, नाव तिथून चिकटलं ते निघालंच नाही. बल्लारशा आणि आलापल्लीकडचं सागवान म्हणजे आपल्या विदर्भाची शान, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहूनच गेलं होतं. पण सागवान म्हटलं की सगळंच पक्कं असं नसतं, खोडाच्या बाहेरच्या बाजूचा जो पांढरट भाग असतो त्याला उधई (वाळवी) आणि कीड दोन्ही लागतात, आतला तपकिरी सोनेरी भाग टिकतो. फळी उलटीपालटी करून पांढरा पट्टा किती आहे ते पाहा, थोडा असेल तर बैठकीच्या कडेला चालतो, पायांना अजिबात नको. बजेट कमी असेल तर शिवण घ्या, हलकी असते, कापायला सोपी आणि वाकडी कमी होते. बाभूळ लोखंडासारखी, बैलगाडीच्या चाकाला वापरतात, पाय करायला भारी पण हाताने कापताना दम निघतो. आंबा स्वस्त आहे पण कीड लवकर पकडतो, पहिल्या बाकाला नको. लाकूड बिलासकट घ्या आणि शेतातलं सागाचं झाड आपलंच आहे म्हणून परवानगीशिवाय तोडू नका, वनखात्याचे नियम तिथे लागतात.

रांगड्या फर्निचरला सगळ्यात छान लाकूड मात्र जुनं. महाल, इतवारीकडचे जुने वाडे पडतात तेव्हा त्यांचे वासे, चौकटी, फळ्या भंगारवाल्यांकडे येतात, पन्नास-साठ वर्षं वाळलेलं सागवान, त्याला हलायचं तेवढं हलून झालेलं असतं असं लोक म्हणतात पण ते तितकं खरं नाही, जुनं लाकूडही ऋतूप्रमाणे हलतं, फक्त नव्यासारखं एकदम पिळत नाही. घेतल्यावर चुंबक फिरवून खिळे शोधा, एक खिळा राहिला तरी आरामशीनवाला फळी घेणार नाही आणि तुमच्या रंध्याचं पातंही जाईल. जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, मास्क लावा आणि लहान पोरांना लांब ठेवा. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कंपन्यांतून निघालेले पॅलेट (माल ठेवायचे लाकडी पाट) वापरणार असाल तर त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं, त्याच्या बाजूला एचटी (HT) लिहिलेलं पाहा, म्हणजे लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आहे. एमबी (MB) असेल तर ते विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका.

ओलं की वाळलेलं हे कसं ओळखायचं? ओल मोजायचं मीटर नसेल तर एक लहान तुकडा कापून किचनच्या वजनकाट्यावर ठेवा, वजन लिहून ठेवा, आठवड्याने परत मोजा. कमी होऊन राहिलं म्हणजे अजून पाणी निघतंय, दोन-तीन आठवडे वजन तेच राहिलं की लाकूड घरच्या हवेला आलं. फळ्या वाळवताना एकावर एक थेट ठेवू नका, मध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, सावलीत, भिंतीपासून थोडं लांब, आणि दोन्ही टोकांना मेण किंवा उरलेला पेंट फासा, कारण टोकातून पाणी सगळ्यात लवकर निघतं आणि तिथूनच चिरा पडतात. मे च्या उन्हात गच्चीवर लाकूड वाळत घालणं म्हणजे ते फाडायला ठेवणं.

बाकाचं माप असं. बैठकीला दोन फळ्या, ४ फूट लांब, ७ इंच रुंद, दीड इंच जाड. पाय चार, अडीच बाय अडीच, १६ इंच उंच. दोन-दोन पाय जोडायला आडव्या पट्ट्या चार (प्रत्येक जोडीला वर एक, खाली एक), ११ इंच लांब, ३ इंच रुंद, दीड इंच जाड, आणि खालून दोन्ही बाजू जोडणारा एक लांब दांडा, साधारण ३ फुटांचा. वाया जाणारं धरून सव्वा घनफूट लाकूड पुरतं. आरामशीनवर कापून, रंधा मारून घ्या, घरी करवतीने जाडी काढत बसू नका. बैठकीची बाहेरची कड मात्र झाडाची मूळ वळणदार कड ठेवता आली तर ठेवा, साल तेवढी काढून टाका कारण सालीखाली कीड राहते.

हत्यारं फार लागत नाहीत, हातकरवत, अर्ध्या इंचाची पटाशी, लाकडी हातोडा, गुण्या, ड्रिल, दोन शिकंजे (क्लॅम्प), एक लहान रंधा. पटाशीला धार असली पाहिजे, दगडावर तेल टाकून साधारण २५ अंशात घासा आणि हातावरचे केस निघाले की समजा तयार. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो आणि हात तेव्हाच कापतो.

सांधा हीच खरी मजा. पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढायचं आणि पायात खाच पाडायची. कुसू जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात, म्हणजे दीड इंचाचे १२ सूत, त्यातले मधले ४ सूत ठेवायचे आणि दोन्हीकडचे चार-चार काढायचे, म्हणूनच अर्ध्या इंचाची पटाशी बरोबर बसते. कुसवाची लांबी दीड इंच. खाच आधी पाडा, कुसू नंतर तिच्या मापाने काढा, उलटं केलं की सैल होतं. खाचेत आधी ड्रिलने ओळीत भोकं पाडून मग पटाशीने भिंती सरळ करा. हाताने दाबून अर्धं आत गेलं आणि उरलेलं हातोड्याने टकटक करून बसलं तर सांधा जमला.

आता खुंटी, हे नीट वाचा. सांधा बसवायच्या आधी पायात, खाचेच्या आरपार, तीन सुताचं भोक पाडा. मग कुसू आत घालून त्या भोकातून ड्रिलचं टोक फक्त टेकवा, कुसवावर ठिपका येईल. कुसू बाहेर काढा आणि त्यावर भोक ठिपक्याच्या जागी न पाडता पट्टीच्या बाजूला अर्धा सूत सरकवून पाडा. परत जोडून वाळलेल्या बांबूची, टोकाला निमुळती केलेली खुंटी ठोकली की ती किंचित वाकून जाते आणि पट्टीला पायाकडे ओढून घेते. ठोकता ठोकता फट बंद होताना डोळ्यांनी दिसते, शेवटच्या दोन ठोक्यांना आवाजही बदलतो, पोकळ टकटक होती ती ठस्स होते. इथे फेविकॉलची गरजच पडत नाही. बाल्कनीत ठेवायचा असेल आणि तरी लावायचाच असेल तर फेविकॉल मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, लावा, आणि सागवान तेलकट असतं म्हणून आधी तो भाग थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

बैठक बसवताना माझी चूक करू नका. दोन फळ्या चिकटवायच्या नाहीत, मध्ये दोन सुतांची फट ठेवायची, थंडीत बनवत असाल तर तेवढी बरोबर होते. वरच्या आडव्या पट्टीतून खालून स्क्रू मारायचे, प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीत दोन. पट्टी ३ इंच आहे म्हणून खालून अर्ध्यापर्यंत मोठं भोक पाडा म्हणजे अडीच इंची स्क्रू आत बसतो आणि फळीत एक इंच जातो. यातला बाहेरच्या बाजूचा स्क्रू घट्ट भोकात आणि फटीजवळचा स्क्रू मोठ्या भोकात, स्क्रू ५ एमएमचा असेल तर भोक ८ एमएमचं, खाली वॉशर. म्हणजे फळी बाहेरून धरलेली राहते आणि फटीकडे मोकळी सरकते.

रांगडं म्हणजे खरखरीत नाही. आऱ्याचे वळ, गाठी, जुन्या खिळ्यांचे काळे डाग राहू द्या, पण बसल्यावर कोणाच्या साडीला किंवा पोराच्या मांडीला सल लागता कामा नये. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग १८०, नेहमी रेषांच्या दिशेने, आडवं घासलं की ओरखडे तेल लावल्यावर दिसतात. नंतर ओल्या फडक्याने पुसा, बारीक रोम उभे राहतात, वाळल्यावर १८० ने हलकेच परत. सागवानाच्या धुळीने काहींना खाज येते, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

पाइनचं पॅलेट फार पांढरं दिसतं, ते जुनं दिसावं म्हणून घरचाच उपाय आहे. गंजके खिळे किंवा स्टीलची घासणी व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, झाकण सैल ठेवा कारण गॅस होतो. फळीला आधी कडक चहाचा हात द्या, वाळू द्या, मग हे पाणी लावा, बघता बघता करडं तपकिरी होत जातं. बाभळीला चहा लागत नाही, तिच्यातच चहासारखा तुरट कस, म्हणजे टॅनिन, भरपूर असतो, ती सरळ काळी पडते. आधी तुकड्यावर करून पाहा.

फिनिशला मी जवसाचं तेल वापरतो. आपल्या विदर्भात जवस होतंच, पण खायचं कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड मागा. घरातलं फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल लावू नका, ते कधीच वाळत नाही, चिकट होऊन धूळ धरतं. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन अर्धं-अर्धं, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं तेल पुसून काढा, सगळं म्हणजे सगळं, नाही तं वर साय धरते. एक दिवस सोडून दुसरा हात, मग तिसरा. फळीची खालची बाजूसुद्धा वरच्याइतकीच नीट करायची, खाली कोरडी राहिली की ती बाजू जास्त पाणी पिते आणि फळी वाटीसारखी वाकते. पायांचे तळ तेलाच्या वाटीत दहा मिनिटं उभे करा, टोकातून लाकूड किती पिते ते पाहून नवल वाटतं, आणि मग खाली रबराचे बूश ठोका म्हणजे फरशी पुसल्याचं पाणी चढणार नाही.

आणि हे अगदी गंभीरपणे सांगतो, तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळ्यात ती उष्णता अडकून फडकं आपोआप पेटतं, काडी लागत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात तर विषयच नाही. फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जेवायच्या टेबलाला गरम भांडी, तेल-तिखट लागतं, तिथे पीयू (पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश) बरं. मे मध्ये वॉर्निश किंवा पीयू लावायचं तर सकाळी आठच्या आत, दुपारी ब्रश फिरायच्या आधी वाळतं आणि फुगे राहतात. लाखेचं स्पिरिट पॉलिश पावसाळ्यात करू नका, दमट हवेत पांढरट पडतं. एकूणच दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस यासाठी उत्तम.

देखभाल म्हणाल तर वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, धूळ पुसून तेलाचा एक पातळ हात. पायाजवळ पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर कीड समजा आणि लगेच औषध टाका. माझा दुसरा बाक असाच बनवलेला आहे, चार उन्हाळे झाले. मुलगी त्यावर अभ्यास करते, मे मध्ये तिची पेन्सिल फटीतून खाली पडते आणि ऑगस्टमध्ये तीच पेन्सिल फटीत अडकून राहते.