विश्वकोशात एखाद्या व्यक्तीवर लेख असावा का, हे कसे ठरवावे

एखाद्या व्यक्तीविषयी विकिपीडियावर लेख लिहावा असे मनात आले की बहुतेक जण आधी लेख लिहितात आणि संदर्भ मागाहून शोधतात. हा क्रम उलटा असायला हवा. लेख टिकणार की नाही, हे त्याच्या भाषेवरून किंवा लांबीवरून ठरत नाही; त्या व्यक्तीविषयी इतरांनी आधीच काय आणि किती लिहून ठेवले आहे, यावरून ते ठरते. म्हणून पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी थोडा वेळ केवळ शोधासाठी ठेवावा. त्यामुळे आपले श्रम तर वाचतातच, शिवाय ज्यांच्याविषयी आपल्याला आदर आहे त्यांचे नाव लेख वगळण्याच्या जाहीर चर्चेत ओढले जाण्याचा प्रसंगही टळतो.

या कसोटीला विकिपीडियावर उल्लेखनीयता म्हणतात. विषयापासून स्वतंत्र असलेल्या विश्वसनीय स्रोतांनी त्या विषयाची सविस्तर दखल घेतलेली असावी, असे इंग्रजी विकिपीडियाच्या सर्वसाधारण नियमाचे सार आहे. प्रत्येक भाषेतील आवृत्ती आपले नियम स्वतः ठरवते. त्यामुळे एका भाषेत लेख आहे म्हणून दुसऱ्या भाषेत तो आपोआप मान्य होईल असे समजू नये. तरीही कसोटीचा गाभा सर्वत्र जवळपास हाच आहे. येथे व्यक्तीच्या थोरवीचे मोजमाप होत नाही. आयुष्यभर निष्ठेने काम केलेल्या असंख्य माणसांविषयी कोणीही काही लिहिलेले नसते आणि विश्वकोशाला तर स्वतःहून नवे संशोधन करण्याची मुभा नाही. जे अन्यत्र तपासून छापले गेले आहे, तेवढेच त्यात येऊ शकते. लिहिलेलेच काही नसेल, तर चरित्रलेख स्तुती, ऐकीव माहिती किंवा आठवणी यांवर उभा राहतो आणि त्यातील एकही विधान वाचकाला पडताळून पाहता येत नाही.

पडताळणीविना लिहिलेल्या चरित्राने काय होऊ शकते, हे २००५ साली जगाने पाहिले. जॉन सीगनथॉलर या अमेरिकी पत्रकारांवरील विकिपीडियाच्या लेखात कोणीतरी केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर घातला होता आणि तो काही महिने तसाच राहिला. त्यानंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांविषयीचे धोरण अधिक कडक झाले. उल्लेखनीयतेची अट काहींना जाचक वाटते, पण ती माणसांचे रक्षणही करते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

शोध सुरू करताना नावाची सर्व रूपे घ्यावीत: आद्याक्षरांसह, पूर्ण, विवाहापूर्वीचे, टोपणनाव आणि वेगवेगळ्या लिप्यांतील लेखन. केवळ आंतरजालावर थांबू नये. छापील पुस्तके, जुनी नियतकालिके आणि ग्रंथालयातील चरित्रकोश हे तितकेच ग्राह्य स्रोत आहेत आणि स्रोत कोणत्याही भाषेतील चालतो. जी व्यक्ती आंतरजालाच्या आधीच्या काळात कार्यरत होती, तिच्याबाबत शोधयंत्राने काही दाखवले नाही म्हणजे काही लिहिलेच गेले नाही, असा निष्कर्ष काढणे हा त्या व्यक्तीवर अन्याय आहे. प्रमाणभूत राष्ट्रीय चरित्रकोशात स्वतंत्र नोंद सापडली, तर प्रश्न बहुधा तेथेच मिटतो.

सापडलेला प्रत्येक स्रोत मग वेगळा तपासावा आणि येथे घाई करू नये, कारण बहुतेक चुका याच पायरीवर होतात. पहिला प्रश्न असा, की हा मजकूर खरोखर या व्यक्तीविषयी आहे का? उपस्थितांच्या यादीतील नाव, एका वाक्यातील प्रतिक्रिया किंवा एखाद्या संस्थेवरील लेखात ओझरता आलेला उल्लेख यांवरून चरित्र लिहिता येत नाही. असे पन्नास उल्लेख एकत्र केले तरी त्यांतून एका सविस्तर लेखाचे काम होत नाही. दुसरा प्रश्न स्वतंत्रतेचा आहे आणि तोच सर्वांत अवघड आहे. व्यक्तीचे स्वतःचे संकेतस्थळ, तिच्या संस्थेने दिलेला परिचय, प्रकाशकाने मलपृष्ठावर छापलेला मजकूर आणि प्रसिद्धिपत्रकावरून जशीच्या तशी उतरवलेली बातमी या साऱ्यांचा उगम त्या व्यक्तीकडे किंवा तिच्या हितचिंतकांकडे असतो. पैसे घेऊन छापलेला परिचय वृत्तपत्राच्या पानावर बातमीसारखाच दिसतो. परंतु लेखकाचे नाव नसणे, सर्वत्र केवळ कौतुकाचा सूर असणे आणि शेवटी बारीक अक्षरांत एखादी सूचना असणे या खुणांवरून तो ओळखता येतो. एकाच वृत्तसंस्थेची बातमी दहा ठिकाणी छापून आली असेल, तर ती एकच धरावी.

मुलाखतींविषयी विशेष सावध राहावे. मुलाखतीत व्यक्ती स्वतःविषयी जे सांगते, ते तिचेच कथन असते. जन्मस्थान किंवा शिक्षण यांसारख्या साध्या तपशिलांसाठी ते वापरता येते, उल्लेखनीयता सिद्ध करण्यासाठी नाही. मात्र त्याच मुलाखतीला पत्रकाराने स्वतः अभ्यासून लिहिलेली दीर्घ प्रस्तावना असेल, तर त्या भागाचे वजन वेगळे ठरते. मृत्युलेखांतही असाच भेद आहे. संपादकीय विभागाने लिहिलेला मृत्युलेख उत्तम स्रोत असतो, पण कुटुंबीयांनी पैसे भरून दिलेली निधनवार्ता तशी नसते. समाजमाध्यमांवरील अनुयायांची संख्या येथे मोजली जात नाही आणि ज्या संकेतस्थळांवर कोणीही मजकूर भरू शकतो, तीही पुरावा म्हणून चालत नाहीत.

ही चाळणी झाल्यावर सर्वांत भक्कम असे तीन स्रोत बाजूला काढून ठेवावेत, असे मी सुचवेन. केवळ त्या तिघांच्या आधारे व्यक्तीचे जीवन, तिचे कार्य आणि त्या कार्याचे मूल्यमापन सांगणारे दोन परिच्छेद लिहिता येत असतील, तर लेखाला पाया आहे. चौथ्या-पाचव्या दुबळ्या स्रोताचा आधार घ्यावासा वाटू लागला, तर पाया नाही.

काही क्षेत्रांना पूरक निकष आहेत आणि ते पाहिल्याशिवाय नकाराचा निर्णय घेऊ नये. संशोधकांवर वृत्तपत्रे क्वचितच लिहितात. म्हणून इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्याबाबत विषयातील ठळक प्रभाव, मानाचे पुरस्कार किंवा निवडक सदस्यत्व देणाऱ्या विद्वत्संस्थेची फेलोशिप यांचा विचार होतो. राष्ट्रीय किंवा प्रांतिक विधिमंडळाचे सदस्य सहसा उल्लेखनीय मानले जातात. केवळ निवडणूक लढवलेला उमेदवार तेवढ्यावरून मानला जात नाही. खेळाडूंच्या बाबतीत २०२२ साली मोठा बदल झाला: एखादा व्यावसायिक सामना खेळला म्हणून मिळणारी सवलत काढून टाकण्यात आली आणि सविस्तर दखल घेणारा किमान एक स्रोत लेखात असणे आवश्यक ठरले.

डॉना स्ट्रिकलंड यांचे उदाहरण या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरील इंग्रजी मसुदा पुरेसे स्वतंत्र स्रोत नाहीत या कारणाने नाकारला गेला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ज्या लेसर तंत्रासाठी हा सन्मान मिळाला, ते तंत्र जेरार मूरू यांच्यासह त्यांनी १९८५ सालीच प्रसिद्ध केले होते. स्ट्रिकलंड प्रकाशविज्ञानातील एका मोठ्या संस्थेच्या फेलो होत्या आणि २०१३ मध्ये तिच्या अध्यक्षाही होत्या. म्हणजे संशोधकांसाठीचा निकष लावला असता, तर नोबेलची वाट पाहण्याची गरज नव्हती. तपासणाऱ्याने कोणता निकष लागू होतो हे पाहिले पाहिजे आणि लिहिणाऱ्यानेही तो पुरावा मसुद्याच्या पहिल्या परिच्छेदातच ठेवला पाहिजे. स्त्रिया आणि दुर्लक्षित समूहांतील व्यक्ती यांच्याविषयी मुळातच कमी लिहिले गेले आहे. त्यांच्यासाठी नियम वाकवावा असे मी म्हणणार नाही, पण शोध मात्र अधिक खोलवर घ्यावा असे नक्कीच म्हणेन.

स्रोत भरपूर असूनही स्वतंत्र लेख नसावा, अशीही एक परिस्थिती असते. एखादी व्यक्ती केवळ एका घटनेमुळे बातम्यांत येते, उदाहरणार्थ अपघातातील बळी, गुन्ह्यातील साक्षीदार किंवा एका चित्रफितीमुळे चर्चेत आलेला सामान्य माणूस, आणि काही आठवड्यांनी पुन्हा आपल्या खासगी आयुष्यात परतते. अशा वेळी लेख घटनेवर असावा, व्यक्तीवर नव्हे, कारण विश्वकोशातील चरित्र त्या माणसाच्या नावाला आयुष्यभर चिकटून राहते. नात्यावरूनही उल्लेखनीयता येत नाही. प्रसिद्ध व्यक्तीच्या मुलाविषयी किंवा पत्नीविषयी जे सांगायचे, ते त्या व्यक्तीच्या लेखातच सांगावे.

ती व्यक्ती आपण स्वतः असू, आपली नातेवाईक असेल किंवा आपल्याला कामावर ठेवणारी असेल, तर निर्णय आपण घेऊ नये. संबंध उघड सांगून मसुदा परीक्षणासाठी पाठवावा. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने ते जाहीर करणे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेच्या वापराच्या अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. शुल्क घेऊन लेख टिकवून देण्याची हमी देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, कारण तशी हमी कोणालाच देता येत नाही.

उत्तर नकारार्थी आले, तरी जमवलेली सामग्री वाया जात नाही. व्यक्तीचे कार्य एखाद्या संस्थेच्या, चळवळीच्या किंवा शोधाच्या लेखात स्रोतासह एक-दोन वाक्यांत नोंदवावे आणि व्यक्तीच्या नावावरून त्या लेखाकडे पुनर्निर्देशन करावे, म्हणजे ते नाव शोधणारा वाचक थेट त्या लेखावर पोहोचतो. तपासलेल्या स्रोतांची यादी, प्रत्येकाविषयीच्या एका ओळीच्या शेऱ्यासह, जपून ठेवावी. पुढे एखादे चरित्र किंवा अभ्यासग्रंथ प्रकाशित झाला, तर त्याच यादीत त्याची भर घालून हाच प्रश्न पुन्हा विचारता येतो.