मत द्यायचं कसं: यादीतल्या नावापासून शेवटच्या बीपपर्यंत

दर निवडणुकीत मतदान केंद्रावर एक वाद हमखास ऐकू येतो: ‘कार्ड आहे ना माझ्याकडे, मग मत का देऊ देत नाही?’ कारण मताचा हक्क मिळतो तो यादीतल्या नावामुळे. कार्ड फक्त ओळख पटवायला. यादीत नाव नसेल तर नवंकोरं ओळखपत्र दाखवूनही परत फिरावं लागतं, आणि नाव असेल तर ओळखपत्र हरवलेलं असूनही मत देता येतं. त्यामुळे मतदानाचं निम्मं काम निवडणूक जाहीर होण्याआधीच उरकायचं असतं.

यादी आधी, बाकी सगळं नंतर

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, किंवा १९५० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं. शोधताना ओळखपत्रावरचा क्रमांक टाका. नावाने शोधलं तर ‘साळुंखे’ की ‘साळुंके’ यातच माणूस अडकतो. नाव सापडलं की भाग क्रमांक (मतदारसंघाची यादी ज्या लहान भागांत विभागलेली असते, त्यातला तुमचा) आणि त्यातला अनुक्रमांक लिहून ठेवा. जमल्यास त्या भागाची पूर्ण यादी उतरवून आपली नोंद डोळ्यांनी पाहा, कारण वगळलेली नावं कधीकधी यादीत दिसतात, पण त्यांच्यावर वगळल्याचा शिक्का असतो.

नाव कुठेच नसेल तर फॉर्म ६ भरा. वयाची १८ वर्षं मोजायला आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.

घर बदललं, लग्नानंतर गाव बदललं किंवा नावात चूक असली तर फॉर्म ८. इथे बरेच जण घाईत पुन्हा फॉर्म ६ भरतात आणि एकाच माणसाची दोन ठिकाणी नोंद होते. दोन नोंदी कायद्याला मान्य नाहीत, आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नोंद जिथे राहता तिथलीच हवी. गावी नुसतं घर नावावर आहे, एवढ्यावर तिथले रहिवासी ठरत नाही.

उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नवं नाव चढत नाही. शिवाय नावनोंदणीच्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस जातात. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्याच्या हाती फार थोडे दिवस उरतात. महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो, तीही आधी ठरवलेल्या तारखेची. त्या तारखेनंतर चढलेलं नाव त्या निवडणुकीत चालत नाही.

केंद्रावर

ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक यांपैकी काहीही चालतं. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा नाही, ती केंद्र आणि खोली शोधण्यापुरती. एका शाळेत पाच-सहा खोल्या, प्रत्येक खोलीत वेगळा भाग. चुकीच्या रांगेत तासभर घालवण्यापेक्षा दारावरचा भाग क्रमांक आधी वाचा. मोबाइल आत नेता येत नाही.

आत पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो. पक्षांचे प्रतिनिधी बसलेले असतात, त्यांना हरकत घेता यावी म्हणून. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं, म्हणजे अधिकाऱ्यापाशी असलेल्या मतदान यंत्राच्या भागाचं, बटण दाबतो, तेव्हा कुठे आतलं यंत्र एका मतासाठी मोकळं होतं.

आता आडोशामागे. यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला आहे ना, पाहा. उमेदवाराच्या चिन्हावर बोट टेकवून काही होत नाही, त्याच ओळीतलं निळं बटण नीट दाबायचं. शेजारी लाल दिवा लागतो आणि बाजूच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन पेटीत पडते. सात सेकंद पटकन सरतात, तेव्हा बटण दाबताच नजर काचेकडे वळवा. लांब बीप ऐकल्याशिवाय निघू नका. चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं तर तिथेच केंद्राध्यक्षांना सांगा; लेखी तक्रार दिल्यावर सर्वांसमोर चाचणी मत घेतलं जातं. कोणीच पसंत नसेल तर शेवटचं बटण ‘नोटा’चं.

मुंबई सोडून इतर महापालिकांत एका प्रभागात अनेक जागा असतात. तिथे प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबावं लागतं. एकदा दाबून बाहेर पडलात की मतदान अर्धवट राहतं आणि अधिकारी हाक मारून परत बोलावतात.

वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. त्या वेळी रांगेच्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे येतात, म्हणजे मागाहून कोणी घुसू शकत नाही. मतदानासाठी कामावरून भरपगारी सुट्टी हा कायदेशीर हक्क आहे.

आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर? भांडून निघून जाऊ नका. ओळख पटवून केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर असतं, वेगळ्या पाकिटात बंद होतं आणि नेहमीच्या मोजणीत धरलं जात नाही. तरी ते द्याच. २००८ साली राजस्थानात नाथद्वारा विधानसभा मतदारसंघाचा निकाल एका मताने लागला, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.