आंब्यावरचं बांडगूळ: पाला नव्हे, फांदी कापा

कोयत्याने नुसता पाला उतरवला तर बांडगूळ पुन्हा फुटतं, कारण त्याचं खरं ठाणं फांदीच्या आत असतं. स्वतःचं अन्न ते हिरव्या पानांत बनवतं. पाणी आणि क्षार मात्र आंब्याच्या लाकडात शोषकमुळं खुपसून ओढतं. बांडगूळ जिथे रुततं तिथे फांदीवर गाठ येते, आणि गाठीपुढची फांदी त्यामुळेच वाळत जाते.

आधी ओळख. आंब्याचं पान चुरगळलं की कैरीचा वास येतो. बांडगुळाचं पान जाड, करडट हिरवं, फुलं नळीसारखी नारिंगी-लाल. आंब्याला कुठेही अशी फुलं दिसली तर ते बांडगूळच.

आता गाठ नीट न्याहाळा. तिथून सालीवर दोरीसारखी मुळं फांदीभर धावतात आणि जागोजागी नवी शोषकमुळं रोवतात. बहुतेकांची चूक इथेच होते: गाठ काढतात, दोरी राहते. बुंध्याच्या दिशेने शेवटची दोरी जिथे संपते, तिथून आणखी 30 सेंमी आत काप घ्या. फांदी जड असेल तर आधी खालून एक तृतीयांश करवतीने कापा, मग वरून. नाहीतर ती मोडताना साल सोलत नेते.

आंबा उतरल्यावर, पाऊस लागण्याआधीचे कोरडे दिवस या कामाला सोयीचे. पण बांडगुळाला फळं धरलेली दिसली तर थांबू नका. फुलटोच्या पक्षी ती खातो, आणि चिकट बी विष्ठेतून पुढच्या फांदीला चिकटतं.

कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. चकचकीत खिळा बुडवून पाहा: तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

बुंध्यावरच गाठ असेल तर कापायला फांदीच नसते. तिथे पटाशीने गाठ खरवडा, पेस्ट लावा आणि नवे कोंब दिसतील तसे खुडत राहा. तणनाशक टोचायच्या भानगडीत पडू नका. ते आंब्यातही उतरू शकतं.

छाटलेला पाला जमिनीत रुजत नाही, त्याला जिवंत फांदीच लागते. पण फळांसकट ढीग झाडाखाली ठेवू नका, पाखरं तिथेही येतात.